विनोदी नटाला अभिनेता म्हणून मोजायला हवे

जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने २०२३ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार अशोक सराफ यांना जाहीर केला आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ४ जून १९४७ रोजी मुंबईत जन्मलेल्या या नटाने तोवर वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती आणि रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत मिळून अर्धशतकाहून अधिक काळ काम केले होते. या सन्मानांचा आनंद मराठी माणसाला मनापासून झाला. मात्र त्या निमित्ताने जे लिहिले आणि बोलले गेले, त्यात आठवणी, गाजलेले संवाद आणि ‘अशोकमामां’विषयीचा जिव्हाळाच भरभरून होता, हा माणूस पडद्यावर नेमके काय करतो, कसे करतो आणि ते इतरांना का साधत नाही, याची चर्चा फारच थोडी झाली. माझे म्हणणे असे की, विनोदी नटावर आपण अपार प्रेम केले, पण त्याच्या कामाची अभिनय म्हणून समीक्षा करण्याचे टाळले, आणि या टाळण्याची किंमत त्या नटांनीही मोजली व आपल्या नाट्य-चित्रपटव्यवहारानेही मोजली.

या टाळण्याच्या मुळाशी एक समजूत आहे. रडवणे ही कला आणि हसवणे हा स्वभाव, असे आपण मनात कुठेतरी धरून चाललेलो असतो. गंभीर भूमिका करणाऱ्याने ती ‘उभी केली’ असे आपण म्हणतो, विनोदी भूमिका करणाऱ्याने मात्र ‘धमाल केली’ असे म्हणून पुढे सरकतो. पहिल्या वाक्यात श्रम गृहीत धरलेले आहेत, दुसऱ्यात नाहीत. वास्तविक प्रेक्षक हसला की नाही हे त्याच क्षणी कळते. गंभीर प्रसंगातला नट फसला, तरी प्रेक्षागृहातील शांततेचा आडोसा त्याला मिळतो, विनोदी नटाला तो मिळत नाही. त्यामुळे वेळेचे भान, आवाजाची पट्टी, सहकलाकाराच्या वाक्याचा शेवट नेमका कुठे होतो याची जाण आणि शरीरावरचा ताबा या गोष्टी त्याच्याकडे अधिक काटेकोर असाव्या लागतात.

‘अशी ही बनवा बनवी’चे उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९८८ मध्ये प्रदर्शित झालेल्या, सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि वसंत सबनीस यांचे लेखन लाभलेल्या या चित्रपटाची कथा मूळ हिंदी चित्रपटावरून घेतलेली होती, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तो आजही मराठी घराघरांत वाक्यावाक्यासह पाठ आहे. चर्चा होते ती प्रामुख्याने स्त्रीवेषातील सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची, कारण तिथे रूपांतर डोळ्यांना दिसते. पण सगळा डोलारा उभा आहे तो स्त्रीवेष न करणाऱ्या धनंजय मानेवर. मित्रांना आसरा मिळावा म्हणून त्याने एक खोटे बोलले आहे आणि त्या खोट्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी त्याच्यावरच आहे. अशोक सराफ यांनी हे पात्र विनोदी म्हणून रंगवलेले नाही. घर, नोकरी आणि अब्रू एकाच वेळी सांभाळू पाहणारा, सतत हिशोब करणारा एक मध्यमवर्गीय माणूस म्हणून रंगवले आहे. ‘हा माझा बायको’ हे वाक्य तोंडून निसटते, तेव्हा हसू येते ते व्याकरणाच्या चुकीमुळे नव्हे. चूक झाल्याचे त्याला कळते, ती सावरण्यासाठी चेहरा स्थिर ठेवायचा आहे, आणि समोरच्याच्या लक्षात आली की नाही याचा अंदाज त्याच्या डोळ्यांत चाललेला असतो. या तिन्ही गोष्टी क्षणभरात दिसतात म्हणून हसू येते. घरमालक सरपोतदारांना ‘सत्तर रुपये वारले’ असे सांगताना मानेच्या चेहऱ्यावरचे दुःख संपूर्ण खरे वाटते. तिथे नटाने डोळा मिचकावला असता, तर ते वाक्य एवढी वर्षे टिकले नसते.

याच्या अगदी उलट टोकाला महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) आहे. त्यात यदुनाथ जवळकर या बनावट श्रीमंत म्हाताऱ्याच्या तोंडी अर्थाचा लवलेश नसलेला, धूर आणि ठसका यांच्यामधून फुटणारा तो प्रसिद्ध उद्गार आहे. शब्दाविना, केवळ घशातून निघालेल्या आवाजावर एक अख्खी व्यक्तिरेखा तोलून धरणे, आणि समोर शरद तळवलकरांसारखा मुरलेला नट असताना त्यांच्या प्रतिक्रियेला पुरेशी जागा ठेवून ते करणे, हे संगीतातल्या लयकारीइतकेच शिस्तीचे काम आहे. एकाच नटाने तीन वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन भूमिकांची पद्धत पूर्णपणे भिन्न आहे. एकीत बाह्य लकबींनी पात्र उभे राहते, तर दुसरीत लकबी जवळपास पुसून टाकलेल्या आहेत. पण आपल्याकडे दोन्हींसाठी एकच विशेषण वापरले गेले.

या नटाची घडण पाहिली, तर हे वैविध्य आश्चर्याचे वाटत नाही. मामा गोपीनाथ सावकार यांच्यामुळे नाटक घरातच होते. स्टेट बँकेतील नोकरी सांभाळून रंगभूमीवर काम चालले होते. १९७५ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’मधील सखाराम हवालदाराने त्यांना चित्रपटात ओळख मिळवून दिली आणि १९७७ च्या ‘राम राम गंगाराम’मधील म्हमद्या खाटकाने ती पक्की केली. त्याच दशकाच्या अखेरीस अनिल बर्वे यांनी लिहिलेल्या आणि विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हमीदाबाईची कोठी’मध्येही ते होते. म्हणजे एकीकडे दादांचा रांगडा, प्रेक्षकांशी थेट सलगी करणारा विनोद आणि दुसरीकडे विजयाबाईंची संयत, अंतर्मुख रंगशैली, अशा दोन टोकांच्या शाळांतून हा नट साधारण एकाच काळात गेला. समीक्षेने त्यांच्या विनोदात या दोन्ही शाळांचा शोध घ्यायला हवा होता. तो घेतला गेला असता, तर १९९४ च्या ‘वजीर’मधील राजकारणी पाहून प्रेक्षकाला अचंबा वाटला नसता आणि निर्मात्यांनाही अशा भूमिका घेऊन त्यांच्या दारी जाण्याचे धैर्य अधिक वेळा झाले असते.

दूरचित्रवाणीवरील त्यांच्या कामाची उपेक्षा तर याहूनही मोठी आहे. १९९५ मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेली ‘हम पांच’ ही हिंदी मालिका देशभर पाहिली गेली. पाच मुलींचा बाप आनंद माथुर, त्याची दुसरी पत्नी बीना, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी दिवंगत पहिली पत्नी असा तो संसार होता. तसबिरीतील ती पत्नी प्रिया तेंडुलकर यांनी साकारली होती. प्रतिसादाची देवाणघेवाण हा विनोदाचा प्राण असतो, आणि इथे नटाला एका चौकटीतल्या चेहऱ्याशी ती करायची होती. शिवाय ती कृत्रिम वाटू न देता आठवड्यामागून आठवडे करायची होती. बाकी सारी पात्रे ठळक रंगांत रंगवलेली होती. टपोरी मुलगी, पुस्तकी मुलगी, नटवी मुलगी असे प्रत्येकीचे एकेक सूत्र होते. आनंद माथुरला असे एकही सूत्र नव्हते. तो फक्त ऐकणारा, सोसणारा आणि अधूनमधून हतबलपणे चिडणारा बाप होता. मालिकेतला माणूसपणाचा अंश बव्हंशी त्या ऐकण्यात होता. दुसऱ्याचे वाक्य ऐकत असतानाचा अभिनय हा अभिनयाच्या शिक्षणातला अवघड धडा मानला जातो. या मालिकेतील शंभर प्रसंग त्यासाठी उदाहरण म्हणून दाखवता येतील, पण मालिका ‘हलकीफुलकी’ ठरल्यामुळे तसे कोणाच्या मनातही येत नाही.

हिंदी चित्रपटाने मराठी विनोदी नटांना जी वागणूक दिली, तिच्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ‘करण अर्जुन’मध्ये अशोक सराफ मुन्शीजी झाले, ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वाट्याला श्रीमंत घरच्या आश्रिताची आणि नोकराची भूमिका आली. मराठीत ज्यांच्या नावावर चित्रपटगृहे भरत होती, त्यांना हिंदीत मालकाच्या मागे उभे केले गेले. त्या भूमिकांतही दोघांनी जीव ओतला, लोकांना त्या आवडल्या, आणि मोठ्या बाजारपेठेतले काम नाकारणे कोणत्याही नटाला परवडणारे नव्हते, हे सगळे खरे आहे. परंतु मराठी समीक्षेने या नटांची खरी उंची आधीच ठामपणे नोंदवून ठेवली असती, तर त्यांना तिथे वेगळ्या भाषेत बोलता आले असते. ज्याचे मोल घरच्यांनी मांडलेले नसते, त्याचे मोल बाहेरचे स्वतःच्या सोयीने ठरवतात.

आता पुरस्कारांकडे येतो, कारण समाज कशाला कला मानतो हे पुरस्कारांच्या रचनेत उघड दिसते. फिल्मफेअरने १९६७ पासून विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार ठेवला होता आणि तो चार दशके चालला. आपल्या राज्य चित्रपट पुरस्कारांतही दामूअण्णा मालवणकर यांच्या नावाने विनोदी कलाकारासाठी स्वतंत्र पारितोषिक दिले गेले आहे. दामूअण्णांचे नाव राहावे हे उत्तमच. परंतु अशा वेगळ्या कप्प्याचा परिणाम असा होतो की, मुख्य अभिनेत्याच्या पुरस्काराचा विचार करताना परीक्षक विनोदी भूमिका मनातून बाजूला काढतात, कारण त्यांची सोय दुसरीकडे केलेली असते. केरळमधील उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. मिमिक्री आणि विनोदी भूमिकांतून पुढे आलेल्या सलिम कुमार यांना २०१० सालासाठी, आणि तशाच वाटेने आलेल्या सूरज वेंजारमूडू यांना २०१३ सालासाठी, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोघांनाही तो गंभीर भूमिकेसाठी मिळाला. त्याहून बोलके असे की, सूरज यांना त्याच वर्षासाठी केरळ राज्याने सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचा पुरस्कार दिला. देशाने ज्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अभिनेता मानले, त्याला स्वतःच्या राज्यात विनोदाच्या कप्प्यातच जागा मिळाली.

यावर असे म्हटले जाईल की, वेगळा पुरस्कार काढून टाकला, तर विनोदी नटाला काहीच मिळणार नाही. ही भीती निराधार नाही. सुरुवातीची काही वर्षे तसे होईलही. पण ‘तुमच्यासाठी वेगळी रांग आहे’ असे सांगणारी सोय माणसाला कायमचे मुख्य रांगेबाहेर ठेवते, आणि तिचा त्याग केल्याशिवाय परीक्षकांवर तुलना करण्याची सक्ती येणार नाही. दिलीप प्रभावळकर यांना २००६ सालासाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील एक भूमिका ‘लगे रहो मुन्नाभाई’ या विनोदी चित्रपटातील गांधीजींची होती. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर चिमणरावाचा भाबडेपणा ज्या संयमाने त्यांनी दाखवला, त्याच संयमातून तो मिस्कील, शांत गांधी आला आहे, हे दोन्ही पाहणाऱ्याला जाणवल्यावाचून राहत नाही. विनोदाची साधना गंभीर भूमिकेला बळ देते याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

प्रेक्षकांची जबाबदारी मात्र मला झटकून टाकता येत नाही. १९९२ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांनी पु. ल. देशपांडे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘एक होता विदूषक’ केला, ना. धों. महानोर यांची गीते आणि आनंद मोडक यांचे संगीत त्याला लाभले, आणि तमाशाच्या बोर्डावरून सिनेमात व तिथून राजकारणाच्या वापरात ओढला गेलेला आबुराव लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. प्रेक्षक मात्र आला नाही. ज्या लोकांनी ‘लक्ष्या’ला डोक्यावर घेतले होते, त्यांनी लक्ष्मीकांत बेर्डे यांना पाहायला नकार दिला. पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’ला तुफान गर्दी झाली. त्याही चित्रपटात एका बाहुल्याशी खेळताना भीती आणि कुतूहल यांचे जे मिश्रण त्यांनी दाखवले आहे, ते कौशल्याचे काम आहे, हे मी आवर्जून सांगेन. त्या यशाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की, एका अपयशानंतर त्या तोलाची भूमिका त्यांच्यापर्यंत पुन्हा आली नाही आणि १६ डिसेंबर २००४ रोजी, अवघ्या पन्नाशीत, ते गेले. ‘एक होता विदूषक’ प्रदर्शित झाला, तेव्हा या नटाच्या आधीच्या कामातले बारकावे प्रेक्षकांसमोर कोणी मांडून ठेवले असते, तर आबुराव हा त्या प्रवासाचा पुढचा टप्पा वाटला असता, वाट चुकणे वाटले नसते.

समीक्षेच्या अभावाची दुसरी बाजू अधिक अप्रिय आहे आणि ती सांगणे या नटांवर प्रेम असणाऱ्याचे कर्तव्य आहे. १९८० ते १९९५ या काळातील विनोदी मराठी चित्रपटांपैकी बरेचसे घाईने केलेले, उसन्या कथांवर बेतलेले आणि पुनरावृत्तीने भरलेले होते. करमणूक कराची रक्कम निर्मात्याला परत देणाऱ्या राज्य शासनाच्या करपरतावा योजनेमुळे पुढचा चित्रपट काढण्याला चालना मिळाली, मराठी चित्रपटसृष्टी तगली, हे मान्य करायलाच हवे. पण त्याच वेळी, ठरलेले नट घेऊन, थोड्या दिवसांत, ठरलेल्या साच्याचा चित्रपट उरकण्याची सवयही बळावली. शरीराची ठेवण, रंग, तोतरेपणा यांवरचे विनोद, बायकोला कजाग आणि प्रेयसीला बावळट ठरवणारे प्रसंग सर्रास चालले. पटकथेतील पोकळी नटांनी स्वतःच्या हजरजबाबीपणाने भरून काढली आणि आपण त्यांचे कौतुक करताना त्या पोकळीकडे दुर्लक्ष केले. चांगल्या नटाने वाईट लेखन तारून नेले की, लेखकावर अधिक चांगले लिहिण्याचा दबाव उरत नाही. अशोक सराफ यांच्या प्रत्येक भूमिकेला ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्यांनी त्यांच्या उत्तम कामाला आणि त्यांनी नाइलाजाने निभावून नेलेल्या कामाला एकाच पंगतीला बसवले. यात उत्तम कामाचाच अपमान झाला.

आजच्या दूरचित्रवाणीवर हा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने आणि २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने मराठी विनोदाचा विस्तार केला, हे निःसंशय. मालवणी, वऱ्हाडी, खानदेशी, आगरी बोलणारे, शहरी नाट्यवर्तुळाबाहेरून आलेले कितीतरी कलाकार या कार्यक्रमांनी घराघरांत पोहोचवले. त्यांतील काहींच्या अंगी मोठ्या भूमिका पेलण्याची ताकद आहे, असे माझे ठाम मत आहे. पण दर आठवड्याला नवे प्रहसन लिहायचे, बसवायचे आणि सादर करायचे या रेट्यात लेखकाला पुनर्लेखनाची आणि नटाला पात्र मुरवण्याची उसंत मिळत नाही. रंगमंचासमोर बसलेल्या परीक्षकांच्या हसण्यावर कॅमेरा फिरतो आणि तेच मूल्यमापन ठरते. नट कुठे चुकला, कुठे त्याने गेल्या महिन्यातली लकब पुन्हा वापरली, कुठे सहकलाकाराचे वाक्य तोडून टाळी घेतली, हे त्याला सांगणारे कोणी नाही. धूमधडाक्याच्या पिढीला निदान नाटकाच्या शेकडो प्रयोगांनी, गावोगावच्या वेगवेगळ्या प्रेक्षकांनी घडवले. आजच्या अनेकांना एका स्टुडिओतला एकच प्रेक्षक मिळतो आणि तो आधीच हसण्याच्या तयारीने आलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की, विनोदाची चिरफाड केली की तो मरतो. हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. ख्यालाच्या बढतीची चर्चा केल्याने ख्याल मेला नाही, उलट ऐकणारे तयार झाले. विनोदी अभिनयाची चर्चा झाली, तर प्रेक्षकाला स्वस्त टाळी आणि कमावलेले हसू यांतला फरक कळू लागेल, आणि त्या फरकाची मागणी करणारा प्रेक्षक ही नटासाठी सर्वांत मोठी मिळकत असेल.

करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. विद्यापीठांच्या नाट्यविभागांनी विनोदी अभिनयाला अभ्यासक्रमात पुरते सत्र द्यावे आणि तिथे राजा गोसावी, शरद तळवलकर, दादा कोंडके, बेर्डे, प्रभावळकर, सराफ यांची दृश्ये पडद्यावर थांबवून थांबवून शिकवावीत. वृत्तपत्रांनी विनोदी चित्रपटाचे परीक्षण लिहिताना ‘पोट धरून हसवणारा’ या शेऱ्यापलीकडे जावे. आणि सर्वांत तातडीचे काम ज्येष्ठ नटांच्या ध्वनिचित्रमुद्रणाचे आहे. त्यांच्या आयुष्याच्या कथा त्यांनी मुलाखतींत आणि आत्मचरित्रांत पुष्कळ सांगितल्या आहेत. आता त्यांना त्यांच्याच एखाद्या प्रसंगासमोर बसवून, इथे का थांबलात, ही नजर तिकडे का गेली, हे वाक्य खालच्या पट्टीत का घेतले, असे विचारले पाहिजे आणि ती उत्तरे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी जतन केली पाहिजेत. अशोक सराफ आजही काम करत आहेत. २०२४ च्या अखेरीस ‘अशोक मा. मा.’ या मालिकेतून ते पुन्हा रोज घराघरांत आले. ज्या शासनाने त्यांना महाराष्ट्र भूषण म्हटले, त्या शासनाच्या सांस्कृतिक खात्याने हे मुद्रण येत्या वर्षातच हाती घ्यावे, आणि राज्य चित्रपट पुरस्कारांच्या नियमावलीत बदल करून विनोदी भूमिकांचा विचार मुख्य अभिनेता व अभिनेत्री यांच्या पुरस्कारांतच व्हावा; दामूअण्णांच्या नावाचे पारितोषिक चित्रपटातील उत्कृष्ट विनोदी लेखनाला द्यावे, कारण आज सर्वाधिक दुष्काळ तिथेच आहे.